दहा इंच तीन सूत

पुलापाशी आलो तेव्हा निम्मी वाट सरली होती आणि ताईंनी अजून तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं. सायकलची उघडी रिंग त्यांनी खांद्याला अडकवली होती, बायका पर्स अडकवतात तशी. माझ्या हातात कापडी पिशवी. तिच्यात त्या चाकाच्या मधला हब, कागदात गुंडाळलेले छत्तीस स्पोक आणि तळाशी दुकानाची किल्ली. किल्ली कशाला घेतली आहे ते मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे ताईंनाही ठाऊक होतं. म्हणून दोघीही मुकाट चालत होतो.

बसनं गेलो असतो तर अर्ध्या तासात पोचलो असतो. पण बसमध्ये रिंग खाली ठेवावी लागते, मग कुणीतरी तिच्यावर पाय देतं, आणि ताईंच्या लेखी ते तान्ह्या मुलावर पाय देण्यासारखं. तेव्हा चालतच. दोन तासांची वाट.

ताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. गल्लीतली पोरं त्यांना आऊटमावशी म्हणतात. नव्या माणसाला वाटतं, बाईचं डोकं फिरलेलं असणार. तसं काही नाही. सायकलचं चाक फिरताना डावी-उजवीकडे डुलायला लागलं की त्याला आऊट आला म्हणतात, आणि ते पुन्हा सरळ करायचं म्हणजे आऊट काढायचा. ताई पस्तीस वर्षं हेच करत आल्या आहेत. चाकांचाही आऊट काढतात आणि वेळ पडली तर माणसांचाही.

दुकान माझ्या सासऱ्यांचं. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक दार. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे नव्हते, त्यांचं फक्त स्टूल होतं आणि त्यावर ताई बसलेल्या असायच्या. मुलाला, म्हणजे आमच्या यांना, तेलाचे हात नको होते म्हणून ते कचेरीत चिकटले. मुलगी मात्र नऊ वर्षांची असल्यापासून दुकानाच्या पायरीवर. सासऱ्यांनी तिला दिलेला पहिला धडा घरात सगळ्यांना पाठ आहे. त्यांनी निरनिराळ्या लांबीचे शंभर स्पोक फरशीवर ओतले आणि म्हणाले, डोळे मिटून वेगळे कर. तिनं केले. चार चुकले. सासरे म्हणाले, चार माणसं पडली. एवढंच बोलले आणि आपल्या कामाला लागले.

लग्नाचं म्हणाल तर स्थळं आली होती. एक मुलगा सायकलवरूनच आला. आत मोठी माणसं चहा घेत होती, आणि ताईंना दारातून दिसलं की पाहुण्याच्या मागच्या चाकाला बोटभर आऊट आहे. त्यांना राहवेना. बाहेर जाऊन त्यांनी सायकल उलटी केली आणि स्पोक आवळायची चावी घेऊन बसल्या. चहा संपवून मंडळी बाहेर आली तर मुलगी हात काळे करून चाक फिरवून बघते आहे. मुलाची आई म्हणाली, हे सगळं लग्नानंतर सोडावं लागेल हं. ताईंनी मुलाकडे बघितलं, मुलगा चपलेकडे बघत होता. ताई म्हणाल्या, सायकल घेऊन जा, आता नीट चालेल. ते स्थळ तिथंच मिटलं. पुढे कुणी विचारलं की त्या सांगतात, अहो, ज्याला सहा महिने आपल्या चाकाचा आऊट दिसला नाही, त्याला मी काय दिसले असते?

आमचं दोघींचं सूत मात्र पहिली नऊ वर्षं काही जुळलं नाही. मी त्यांना पुस्तकी वाटायचे आणि त्या मला तोंडाळ. सकाळी मी देवापुढे बसले की नेमकी तेव्हाच पलीकडे हातोडी सुरू व्हायची. एकदा मी म्हटलं, ताई, जरा हळू. तर म्हणाल्या, देवाला कान आहेत ना, मग तुझंही ऐकेल आणि माझंही. मला राग आला होता. आता आठवलं की हसू येतं, कारण त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं.

त्या दिवशी आम्ही निघालो होतो ते घड्याळकाकांच्या चाकापायी. काका बाजाराच्या तोंडाशी घड्याळं दुरुस्त करतात. लहानपणापासून पायांत बळ नाही, हातानं फिरवायची तीनचाकी गाडी आहे. मागच्या एका चाकाचे स्पोक तुटत होते म्हणून त्यांनी जवळच्याच कुणाकडून तरी नवे घालून घेतले. ते निघाले आखूड. दीड महिना चाललं, आणि एक दिवस भर बाजारात चाक कागदासारखं मुडपलं. काका आडवे झाले, कोपर फुटलं, घड्याळांचा ट्रे रस्त्यावर. ताईंनी ते चाक बघितलं आणि सांगितलं, काका, भरून मी देते, पण घाई करायची नाही. यावर माणूस बसतो, पोतं नाही.

शाळेच्या पुस्तकात ज्यांना चाकाचे आरे म्हणत त्यांना दुकानात स्पोक म्हणतात. ते बसवायचे म्हणजे चाक भरायचं. बघणाऱ्याला वाटतं, भरणं अवघड असेल. ताई म्हणतात, भरणं नुसत्या हातांचं काम आहे, खरी गोम लांबीत. कारण स्पोकची दोन्ही टोकं लपलेली. एक टोक हबच्या भोकात वाकून बसतं, दुसरं रिंगच्या भोकातून आलेल्या लांबट नटात शिरतं. स्पोक लांब झाला तर टोक नटाबाहेर येऊन ट्यूबला टोचतं. आखूड झाला तर नटाचे दोन-तीनच आटे धरतात. चाक दिसायला टणक, वाजवलं तरी छान वाजतं, आणि एका खड्ड्यात नटाची मान तुटते. काकांचं तेच झालं होतं.

नेहमीच्या सायकलींच्या लांब्या ताईंना तोंडपाठ आहेत, भिंतीवर पाइपचे तुकडे टांगून त्यांत त्यांनी स्पोक वेगवेगळे ठेवले आहेत. पण काकांच्या गाडीची रिंग मोठ्या सायकलहून लहान आणि पोरांच्या सायकलहून मोठी, मधलीच काहीतरी. तयार स्पोक मिळणार नव्हते. माप काढून कापून आणि आटे पाडून घ्यायला हवे होते, आणि ते यंत्र गावाच्या दुसऱ्या टोकाला, घाऊक माल विकणाऱ्या शेठजींकडे.

शाळेत आम्हाला सूत्रं होती, ताईंकडे नुसतं सूत, इंचाहून बारीक माप. रिंगच्या समोरासमोरच्या दोन भोकांत त्या जुने स्पोक नटासकट बसवतात, ताणून धरतात आणि नट रिंगला जिथं टेकतो तिथून समोरच्या तशाच जागेपर्यंत मोजतात. एकदा नाही, चार ठिकाणी, कारण रिंग कधीच पुरती गोल नसते. पुरतं गोल फक्त शून्य, आणि ते मला शाळेत भरपूर मिळालं, असं त्या म्हणतात. मग दुकानाची फरशी पुसून तिच्यावर खडूनं त्या मापाचं वर्तुळ काढायचं. मधोमध हब ठेवायचा. एक स्पोक वाटेत तीन स्पोकांना ओलांडून कुठल्या भोकात जाणार ते मोजून खूण करायची आणि हबच्या भोकापासून त्या खुणेपर्यंत दोरी ताणायची. ती दोरी म्हणजे स्पोक. शेवटी हबच्या जाडीचा हिशेब, कारण खरे स्पोक फरशीसारखे सपाट नसतात, तिरपे उतरतात. त्यासाठी अर्धं सूत वाढवायचं. त्याला ताई पोटाचं सूत म्हणतात.

फरशीवर आलं दहा इंच अडीच सूत, पोटाचं अर्धं. त्यांनी आतल्या दारातून हाक मारली, "वहिनी, लिही गं. दहा इंच तीन सूत, छत्तीस नग, वाकापासून टोकापर्यंत."

ताईंचं अक्षर त्यांना स्वतःलाही लागत नाही, म्हणून चिठ्ठ्या मी लिहायचे. मी छान ओळीत लिहिलं. शेठजींचा टेम्पो दर आठवड्याला आमच्या भागात येतो, त्याच्याबरोबर चिठ्ठी गेली आणि पाच दिवसांनी पुडकं आलं.

ताईंनी संध्याकाळी चाक भरायला घेतलं. मी आत भाजी निवडत होते. नट फिरवल्याचा बारीक आवाज येत होता, तो मध्येच थांबला. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही तेव्हा मी डोकावले. ताई रिंगच्या भोकाला डोळा लावून आत बघत होत्या, विहिरीत बघावं तसं. नटाच्या डोक्यावर पेचकसासाठी खाच असते. स्पोकचं टोक त्या खाचेच्या तळाला यायला हवं. इथं ते कितीतरी आत राहिलं होतं.

त्यांनी एक स्पोक सोडवून माझ्या हातात दिला. "मोज गं जरा. माझे हात तेलकट आहेत, आणि तुझी नजर तरुण." मी लेकीच्या दप्तरातली फूटपट्टी आणली, वाकापासून टोकापर्यंत धरली आणि सांगितलं, दहा इंच आणि वर बरोब्बर तीन.

"तीन?"

"तीन रेघा. ना कमी ना जास्त."

ताईंनी पुन्हा फरशी पुसली. पुन्हा वर्तुळ, पुन्हा दोरी. असं तीनदा केलं आणि तिन्ही वेळा दहा इंच तीन सूतच आलं. माप सांगत होतं तीन, स्पोक होता तीन, आणि तरी आखूड. मग त्यांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, म्हणजे आऊट माझ्या डोळ्यांतच आहे. त्या वर्षी त्यांना सुईत दोरा ओवायला त्रास होऊ लागला होता. चष्म्याचं आम्ही म्हणत होतो, त्या टाळत होत्या.

आता किल्लीचं सांगते. शेठजींना ताईंच्या दुकानाचा कोपरा फार वर्षांपासून हवा होता. तिथं त्यांना नव्या सायकली मांडायच्या होत्या. दरवर्षी ते हसत हसत म्हणायचे, ताई, आता बास करा की. एकदा चार गिऱ्हाइकांच्या देखत ताईंनी ठणकावलं होतं, ज्या दिवशी माझं माप चुकेल त्या दिवशी किल्ली मी स्वतः आणून देईन, तोवर मागायची नाही. ताईंचा शब्द म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. यांनी समजावून बघितलं, वयानं होतं असं, ताई, मनाला लावून घेऊ नकोस. मी चहात साखर जास्त घातली. दोन दिवस घरात सगळे हळू बोलत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी चाक उकललं, रिंग खांद्याला लावली आणि मला म्हणाल्या, पिशवी घे, चल. नवे स्पोक थोडे लांब कापून घेऊ, भरायचं काम दुसरं कुणी करेल.

पूल ओलांडला की कारखान्यांची रांग लागते. एका सुताराच्या दारात दाराची फळी आडवी टाकलेली होती आणि तो रंधा मारत होता. ताईंना बघून त्यानं हात थांबवला. त्याची सायकल ताईंनी दोनदा उभी केली होती, म्हणून त्यानं आग्रहानं बसवलं, पाणी दिलं. ताई पेला हातात घेऊन बसून राहिल्या. त्यांना काही बोलायचं नाही हे त्याच्या लक्षात आलं असावं, तो आपल्या कामाबद्दल बोलू लागला. दार फुगलं होतं. पाव इंच काढलं तरी अडतंय, आणखी सूतभर काढायला हवं.

कुणीतरी काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "पाव इंच म्हणजे अडीच सूत काढलंत की. बरंच झालं."

"दोन सूत, वहिनी."

"पाव म्हणजे अडीच. दहाचा पाव."

सुतार हसला. "दहा कुठून आणलेत? आठ सुतांचा इंच. माझ्या आजोबांपासून आठच आहेत."

मी अजूनही त्याच्याशी वाद घालण्याच्या बेतात होते. फूटपट्टीवर इंचात दहा घरं असतात, मी रोज लेकीला शिकवते, सूत म्हणजे त्यातलं एक घर असणार हे मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं. विचारायचं काय त्यात? तेवढ्यात ताईंनी पेला खाली ठेवला.

"वहिनी," त्या अगदी सावकाश म्हणाल्या, "चिठ्ठीत तू काय लिहिलं होतंस?"

"दहा इंच तीन सूत. म्हणजे... दहा, टिंब, तीन."

"टिंब?"

"दशांश चिन्ह."

त्यांनी माझ्याकडून पुडकं घेतलं, एक स्पोक काढला आणि सुताराच्या हातात दिला. त्यानं आपली लोखंडी पट्टी लावली, उजेडाकडे वळला आणि म्हणाला, दहा इंच अडीच सूत, खरं तर अडीचलाही जरा कमीच. ताईंनी विचारलं, नक्की? तो म्हणाला, ताई, माझं पोट यावर चालतं.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी त्यांच्याकडे बघायचं धाडस करत नव्हते. दोन दिवस त्या जेवल्या नव्हत्या, किल्ली घेऊन एवढं चालत आल्या होत्या, आणि सगळं माझ्या एका टिंबामुळे. वर फूटपट्टी लावून ते मीच पक्कंही केलं होतं. मग आवाज आला म्हणून मान वर केली, तर ताई लाकडाच्या ढिगावर बसून हसत होत्या. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, रिंग मांडीवर थडथडत होती.

"म्हणजे माझं माप बरोबर होतं," त्या म्हणाल्या. परत म्हणाल्या. तिसऱ्यांदा सुताराला सांगितलं, आणि त्यानंही मान डोलावली, जणू त्याला सगळं माहीतच होतं.

मी माफी मागू लागले तर त्यांनी हातानंच गप्प केलं. विचारलं, गणितात किती होते गं तुला? मी म्हटलं, शंभरात एक्याण्णव. त्या म्हणाल्या, मग उरलेले नऊ इथं गेले.

तिथून पुढची वाट त्या अशा चालल्या की पिशवी घेऊन मला त्यांच्यामागे पळावं लागलं.

शेठजींच्या दुकानात नेहमीसारखी गर्दी होती, पाच-सहा माणसं तरी होती. ताईंनी पुडकं काउंटरवर ठेवलं आणि म्हणाल्या, हे परत घ्या म्हणत नाही, चूक तुमची नाही. नवे छत्तीस कापा, दहा इंच तीन सूत. शेठजींनी खिळ्याला टोचलेल्या चिठ्ठ्यांमधून आमची चिठ्ठी ओढून काढली, चष्मा वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, दहा पूर्णांक तीन. मग ताईंकडे बघून हसले. म्हणाले, असंच कापलंय आम्ही. म्हणजे माप चुकलं म्हणा की, ताई. शब्द दिला होतात, किल्ली आणलीय ना?

ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. एका वाक्यात सुटता आलं असतं, ही माझ्या भावजयीची चूक. मी वाट बघत होते त्या वाक्याची. पण ते आलं नाही. त्यांनी माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही, फक्त म्हणाल्या, तुम्ही कापा. तेव्हा मला कळलं की या बाई एकतीस वर्षांचं नाव इथं सोडून जातील, पण चार परक्या माणसांसमोर माझ्याकडे बोट दाखवणार नाहीत.

मी माणसांत बोलणारी नाही. मनात देवाचं नाव घेतलं आणि पुढे झाले. म्हटलं, चिठ्ठी माझ्या हातची आहे. ताईंनी तीन सूत सांगितलं, मी टिंब देऊन तीन लिहिलं. मला आठ सुतांचा इंच माहीत नव्हता. त्यांचं माप बरोबर आहे.

 एक गिऱ्हाईक खुदकन हसलं. शेठजी म्हणाले, मग आठ सूत वहिनींच्या कपाळावर लिहून ठेवा.

"वहिनीला बोलायचं काम माझं आहे," ताई म्हणाल्या. "तुमचं काम कापायचं. आणि स्टँड मोकळा करून द्या, मी चाक इथंच भरते. तीन सूत चुकीचं निघालं तर किल्ली पिशवीत आहे."

यंत्राचं हँडल शेठजींनी स्वतः फिरवलं. छत्तीस स्पोक कापून, आटे पाडून व्हायला बराच वेळ गेला. ताईंनी पहिला स्पोक घेतला, शेठजींच्याच पट्टीवर धरला आणि मला जवळ बोलावून दाखवला, ही एक, ही दोन, ही तीन. मग त्या खाली बसल्या.

त्यांना चाक भरताना मी दहा वर्षं जाता-येता बघत होते, पण असं समोर बसून त्या दिवशीच बघितलं. हबच्या भोकांत स्पोक पडत गेले, एक आतून, एक बाहेरून. आधी सगळं नुसतं लोंबणाऱ्या तारांचं जंजाळ. मग त्यांनी हब दोन्ही हातांत धरून जरासा पिळला आणि त्या जंजाळातून एकदम आकार उभा राहिला. प्रत्येक स्पोक दोघांच्या वरून, तिसऱ्याच्या खालून आपापल्या भोकाकडे निघाला. कुठं ओढाओढ नाही, कुठं ढिलाई नाही. घरून निघालेलं माणूस ओळखीच्या घरी पोचावं, तसे ते नटांपाशी पोचत होते. ताई बोटांनी नट लावत गेल्या, मग पेचकसानं, मग चावीनं पाव-पाव फेरा. चाक स्टँडवर चढवून त्यांनी फिरवलं. थोडा आऊट होता. इकडे अर्धा फेरा, तिकडे पाव, दोन बोटांत स्पोकांच्या जोड्या दाबून बघायच्या, पुन्हा फिरवायचं. गिऱ्हाइकं आपली कामं विसरून उभी होती. शेवटी चाक असं फिरू लागलं की ते फिरतंय की थांबलंय हे कळायला हवेची झुळूक लागावी.

शेठजींनी बॅटरी आणली. एकेका भोकात उजेड टाकून त्यांनी आत बघितलं, पहिल्यापासून छत्तिसाव्यापर्यंत. प्रत्येक स्पोकचं टोक नटाच्या खाचेच्या तळाला येऊन थांबलेलं. वर नाही, खाली नाही. बॅटरी विझवून ते म्हणाले, कोपऱ्याचं आता मी पुन्हा काढणार नाही. ताई म्हणाल्या, काढा की, मला नाही म्हणायला आवडतं.

मला सख्खी बहीण नाही. त्या क्षणी त्या पाच-सहा माणसांना पकडून सांगावंसं वाटत होतं की या माझ्या नणंद आहेत.

घड्याळकाकांची गाडी दुसऱ्या दिवशी रस्त्यावर आली, आज तिला चार वर्षं होतील आणि त्या चाकाला अजून चावी लागलेली नाही. पण मला सांगायचं आहे ते परतीच्या वाटेवरचं. येताना चाक मी खांद्याला लावलं होतं, ताईंनी लावू दिलं. ऊन उतरलं होतं. त्या माझ्या चालीनं चालत होत्या, आणि बराच वेळ त्या चाकाकडेच बघत होत्या.

मग म्हणाल्या, "दोन दिवस तुम्ही सगळे माझ्याशी किती गोड वागलात."

मी चाक दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"चहात साखर, बोलण्यात साखर. भाऊ तर असं बोलत होता जसं काही मी आजारी आहे. माप चुकलं त्याचं दुःख होतंच, पण जास्त भीती मला त्या गोडव्याची वाटली गं. म्हटलं, आता हे लोक मला खरं सांगणार नाहीत."

रस्त्याच्या कडेला एक सायकलवाला थांबून चेन चढवत होता. एरवी त्या थांबल्या असत्या. आज नुसती नजर टाकून पुढे झाल्या.

"आज बरोबर निघालं. पण डोळे काही मागे जायचे नाहीत. चष्मा लावीन, लावते उद्याच. तरी एक दिवस येईल, खरंच चुकेल. आणि चुकणाऱ्याला ते कळत नाही, हे आता मी बघितलं. तुलाही कळलं नव्हतं."

त्या थांबल्या. माझ्या खांद्यावरचं चाक त्यांनी जरासं सरळ केलं, बोटं तशीच स्पोकांवर राहिली.

"तर त्या दिवशी तू मला सांग. भावानं नको, शेठजीनं नको, पडलेल्या गिऱ्हाइकानं तर मुळीच नको. साखर न घालता सांग, आणि त्याच दिवशी सांग. आज तिथं भर दुकानात बोललीस ना, तसं. एवढं करशील माझ्यासाठी?"